वरून झिजलेला बूट

मुलांनो, बूट कुठून झिजतो? हसू नका. प्रश्न सोपा आहे म्हणून उत्तरही सोपंच असेल असं नाही. बूट टाचेकडून झिजतो, तळव्याकडून झिजतो. कुणी पाय घासत चालत असेल तर पुढच्या टोकाला खालून झिजतो. फुटबॉल खेळणाऱ्यांचा बूट कसाही झिजतो, त्यांचं सोडून देऊ. पण एकोणसत्तर वर्षांच्या, आयुष्यात फुटबॉलला पाय न लावलेल्या माणसाचा एकच बूट झिजला असेल, तोही डावा, तोही वरून, अंगठ्याच्या जरा मागे, रुपयाच्या नाण्याएवढा, तर?

हा प्रश्न मला आमच्या चिरंजिवांनी घातला. तो पाचवीत आहे, आणि दर रविवारी घरातल्या सगळ्या बुटांना पॉलिश करायचं खातं त्याच्याकडे आहे. एका जोडीला पाच रुपये हा दर त्याचा त्यानेच ठरवलेला. जानेवारीतल्या एका रविवारी तो आजोबांचा डावा बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आई, इथे पॉलिश बसतच नाही. नुसतं खरखरीत झालंय. आजोबांचा बूट वरून कसा काय झिजला?"

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आम्हां शिक्षकांची एक खोड असते, प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. पोळी लाटता लाटता मी म्हटलं, "बागेत बाकाखाली पाय सारून बसतात ना, तिथे घासत असेल." चिरंजिवांनी मान डोलावली आणि पाच रुपये मागितले.

माझं उत्तर साफ चूक होतं. बरोबर उत्तर कळायला मला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात घरात एक गोष्ट घडून गेली. ती आठवली की मला अजून कसंसंच होतं.

आमची गाडी म्हणजे पांढरी मारुती ८००. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती २००४ साली घेतली. अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर लोकलने आणि सायकलने गेलेला माणूस, पण गाडीची हौस दांडगी. आई-अण्णा आणि आम्ही मुलुंड पूर्वेला एकाच इमारतीत वर-खाली राहतो, त्यामुळे ही गाडी म्हणजे दोन्ही घरांची सामायिक मालमत्ता. चिरंजीव तिला 'म्हातारी' म्हणतो. तिला म्हातारी म्हणायला हरकत नाही, कारण तिच्या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत रस्त्यावर आली. तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने किल्ली दिली होती. जानेवारी २०१४ मध्ये ती बनणं थांबलं. म्हणजे तीस वर्षं! तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली असेल तर ती हीच असणार. विचारून बघा घरी.

तर त्या जानेवारीत गाडी धक्के देऊ लागली होती. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, बाजारहाट करायचा, ही कामं अण्णांची. आई घरी आल्यावर म्हणायची, "आज परत मध्येच बंद पडली गं." आम्ही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग एका शनिवारी मी आणि चिरंजीवही गाडीत होतो. लालबहादूर शास्त्री मार्गाने भांडुपहून परत येत होतो. सोनापूरच्या सिग्नलला पुढची बस थांबली, अण्णांनी ब्रेक लावला, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मेली. मागच्यांनी हॉर्नचा असा काही कालवा केला की विचारू नका. अण्णांनी गाडी सुरू केली, पुढे घेतली, पुन्हा धक्का, पुन्हा बंद. शेजारून जाणारा एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "आजोबा, घरी बसा आता!"

अण्णांचे कान लाल झाले. मागच्या सीटवरून मला फक्त त्यांचे कानच दिसत होते.

त्या रात्री पुण्याहून दादाचा फोन आला. त्याला कुणी कळवलं? मीच. दादा म्हणाला, "आता पुरे झालं. त्यांचा पाय पूर्वीसारखा चालत नाही. एखाद दिवशी काहीतरी होऊन बसेल. गाडी विकून टाका." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अण्णा समोरच बसलेले. दादाचं बोलणं संपल्यावर मी म्हटलं, "अण्णा, दादा म्हणतोय ते खरं आहे. आता तुम्ही गाडी चालवू नका."

मला वाटलं ते रागावतील, वाद घालतील. ते काहीच बोलले नाहीत. उठले, गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळी फडक्याने काच पुसायचे, तेही बंद.

दोन आठवडे असे गेले. मग सोसायटीने कंपाउंडमध्ये फरशा बसवायचं काम काढलं आणि सगळ्या गाड्या बाहेर रस्त्यावर लावा अशी नोटीस आली. अण्णा म्हणाले, "किल्ली खिळ्याला आहे, तू लाव." माझ्याकडे लायसन्स आहे, पण चालवण्याचा सराव म्हणाल तर दिवाळी-दसऱ्याला. मी देवाचं नाव घेऊन बसले. क्लच दाबला, गिअर टाकला, हळूहळू क्लच सोडला, गाडी बाहेर काढली. आणि मग लक्षात आलं की माझा पाय वर आलाय, पण क्लचचं पेडल पुरतं वर आलेलं नाही. दोन-तीन बोटं खालीच लोंबकळत होतं. शाळेतल्या नळाचा ढिला झालेला दांडा लोंबतो ना, तसं. मी काय केलं असेल? सहजच पाय पेडलच्या खाली घातला आणि बोटांनी त्याला वर उचललं.

खाली पाहिलं. पेडलची कडा माझ्या चपलेच्या पट्ट्यावर टेकली होती. अंगठ्याच्या जरा मागे.

मी तशीच दोन मिनिटं गाडीत बसून राहिले. फरशीवाला कामगार "मॅडम, गाडी पुढे घ्या" म्हणून ओरडत होता. मग वर जाऊन अण्णांना विचारलं, "अण्णा, पेडल कधीपासून लोंबतंय?"

ते पेपर वाचत होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, "दिवाळीपासून."

"आणि तुम्ही ते पायाने उचलत होता?"

"मग काय करणार? लोंबतं राहिलं तर आतलं बेअरिंग घासत राहतं. उगाच खराब होईल."

बघा, हा फिटर माणूस! धक्के बसले तरी चालतील, पण बेअरिंग खराब होता कामा नये. म्हणून दर वेळी गिअर बदलला की बुटाचं टोक पेडलखाली घालून ते वर उचलायचं. मुंबईच्या रस्त्यावर दिवसातून किती वेळा गिअर बदलावा लागतो हे तुमच्या घरी गाडी चालवणारं कुणी असेल तर त्यांना विचारा. आणि सोनापूरला पुढची बस अचानक थांबली तेव्हा पाय पेडलच्या वर हवा होता, तो खाली होता. गाडी बंद पडणारच.

"मग आम्हांला सांगितलं का नाही?"

पेपर खाली आला. "गॅरेजवाल्याला दाखवलं होतं. तो म्हणाला, क्लच प्लेट गेली, सात-आठ हजार होतील. प्लेट गेलेली नाही, स्प्रिंग गेली आहे, हे मला कळत होतं. म्हटलं स्वतःच बदलू. पण ते काम डॅशबोर्डखाली डोकं घालून, उताणं झोपून करावं लागतं. एकदा प्रयत्न केला. मान मागे गेली आणि गरगरलं. दहा मिनिटं तसाच पडून होतो." जरा थांबून म्हणाले, "हे सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकायला काढली असती."

यावर मी काय बोलणार? गाडी विकायचं तर आम्ही ठरवलंच होतं.

आता या स्प्रिंगचं काम काय, ते सांगते. दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर घट्ट दाबून धरा. एक तळवा फिरवा, दुसराही त्याच्याबरोबर ओढला जातो. आता तळवे जरा सैल करा. एक फिरेल, दुसरा जागच्या जागी राहील. गाडीतला क्लच म्हणजे हेच. इंजिन एकदा सुरू झालं की ते फिरतच असतं, गाडी सिग्नलला उभी असतानाही मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्या मारत असतं. चाकं मात्र थांबलेली असतात. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं एकमेकांना घट्ट जोडलेली राहिली तर इंजिन गुदमरून बंद पडतं. म्हणून क्लच दाबायचा, म्हणजे दोन तळवे सुटे होतात. सोडला की पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि गाडी चालू लागते. आमच्या मारुतीत पेडलपासून क्लचपर्यंत एक तारेची केबल जाते, अगदी तुमच्या सायकलच्या ब्रेकला असते तशी.

तळवे दाबून धरायला क्लचच्या आत ताटलीच्या आकाराची एक दणकट स्प्रिंग असते. पेडल परत वर ढकलण्याचं बरंचसं काम तीच करते. पण अगदी शेवटचा जो थोडा टप्पा असतो तिथे केबल सैल पडते आणि मोठ्या स्प्रिंगचा हात पोहोचत नाही. तेवढ्यासाठी पेडलजवळ करंगळीएवढी एक छोटी स्प्रिंग असते. दोन टोकांना दोन आकडे, एक वरच्या पट्टीत, एक पेडलच्या दांड्यात. पाय काढला की पेडलला पुरतं वर घेऊन धरायचं, एवढंच तिचं काम. दिवसाला शंभर वेळा पेडल दाबलं, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला तीस हजार वेळा. वीस वर्षांत किती? करा बघू तोंडी.

ही स्प्रिंग मिळवणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. मुलुंडच्या एका दुकानात जाऊन मी ऐटीत म्हटलं, "मारुती आठशेच्या क्लच पेडलची स्प्रिंग द्या." दुकानदाराने डबा धुंडाळला आणि एक स्प्रिंग दिली. घरी आणून अण्णांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून ताणून पाहिली, म्हणजे ताणायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "ही स्कूटरच्या स्टँडची आहे बाई." मला अण्णा 'बाई' म्हणतात ते फक्त मी चुकले की. "नमुना नेला होतास का? नमुन्याशिवाय सुटा भाग आणायला जाऊ नये."

म्हणजे आधी जुनी काढायला हवी. ती काढली. काढायला काहीच कष्ट पडले नाहीत, पकडीने जरा उचलली तर हातात आली. बिचारीत ताणच उरला नव्हता. नव्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. हिच्या वेटोळ्यांमध्ये नखं जातील एवढ्या फटी पडल्या होत्या. एका आकड्याला तर पट्टीत घासून घासून खाच पडली होती, तिथे तार निम्मी राहिली होती. वर गंज. आमच्या मुलुंड पूर्वेला मिठागर रोड नावाचा रस्ताच आहे, पलीकडे खाडी आणि मिठागरं. इकडे लोखंड गंजायला फार वेळ लागत नाही.

नमुना रुमालात गुंडाळून मी आणि चिरंजीव लोकलने कुर्ल्याला गेलो. कुर्ला पश्चिमेला सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. दारं एकीकडे रचलेली, आरसे दोऱ्यांना टांगलेले, सीट एकावर एक. चिरंजिवाला ती जागा राणीच्या बागेपेक्षा आवडली.

अण्णांनी निघताना सांगितलं होतं, "कुर्ल्याला जाताय, तर पोराला सांग तिथे गाड्या बनत होत्या." खरंच बनत होत्या! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे फियाट गाड्या तयार व्हायच्या, पुढे त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे कितीतरी वर्षं हीच गाडी. तिचा गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बाजूला असायचा. कारखाना बंद झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होते आणि चिरंजीव एका फुटक्या हेडलाइटकडे टक लावून पाहत होता. वर्गातही असंच होतं म्हणा.

तिसऱ्या दुकानात एका वयस्क चाचांनी रुमालातली स्प्रिंग हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि मागे न बघता एका डब्यातून नवी काढून तिच्या शेजारी ठेवली. तीच जाडी, तेच आकडे, फक्त लांबीला अर्ध्या बोटाने कमी. मी म्हटलं, "ही लहान आहे." ते हसले. "ही लहान नाही ताई. तुमची लांब झाली." चाळीस रुपये.

रविवारी सकाळी काम काढलं. मुलांनो, एक गोष्ट आधीच सांगते. हे काम मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय करायचं नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाखाली विटा, इतकं अण्णांनी माझ्याकडून करून घेतलं तेव्हा कुठे दार उघडू दिलं. ते स्वतः गाडीच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. चिरंजीव मोबाइलचा उजेड धरायला. मी सीट पार मागे सारली, पाठ आत, पाय बाहेर स्टुलावर, आणि डोकं डॅशबोर्डखाली. तिथून जग कसं दिसतं ते एकदा बघण्यासारखं आहे. वायरींचं जंगल, धूळ, दोन शेंगदाणे आणि २०११ सालचं एक पार्किंगचं तिकीट.

"आधी पेडलच्या पिनेला ग्रीस," खुर्चीवरून हुकूम आला. "कोरडी पडली असणार. नुसती स्प्रिंग घालून भागणार नाही."

ग्रीस लावलं. स्प्रिंगचा वरचा आकडा पट्टीच्या भोकात घातला. खालचा आकडा पेडलच्या भोकापर्यंत आणायला गेले, तर तो एक बोट आधीच थांबला. पकडीने ओढला, सुटला. परत ओढला. आता आलाच म्हणेपर्यंत पकड घसरली आणि स्प्रिंग 'टण्ण' करून माझ्या कानाजवळून डॅशबोर्डवर आपटली.

"थांब!" अण्णा एवढ्या मोठ्याने कधी ओरडत नाहीत. "डोळ्यांवर काहीतरी घाल आधी."

घरात चष्मा कुठला? चिरंजिवाचा पोहण्याचा निळा गॉगल आला. तो लावून मी पुन्हा आत गेले. एव्हाना फरशीवाले कामगार आणि पहिल्या मजल्यावरचे काका प्रेक्षक म्हणून जमले होते. काकांचा सल्ला असा, की गॅरेजला द्या. चौथ्यांदा, पाचव्यांदा आकडा सुटला. हाताला घाम, त्यात ग्रीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते गॉगलमध्येच साठलं. मी आतूनच म्हटलं, "अण्णा, नाही जमत. स्प्रिंगच चुकीची आहे."

"स्प्रिंग बरोबर आहे. ती ओढूनच बसवायची असते, सैल बसली तर काम काय करणार? पकड ठेव खाली." मग चिरंजिवाला, "जा, पतंगाच्या खोक्यात नायलॉनची जाड दोरी आहे, ती आण."

दोरी आली. अण्णांनी सांगितलं तशी मी ती खालच्या आकड्यातून ओवली आणि दोन्ही टोकं सीटवरून दाराबाहेर काढून त्यांच्या हातात दिली. कारखान्यात ते असंच करायचे म्हणे. आता स्प्रिंग ताणायचं काम त्यांचं, आणि आकडा भोकात बसवायचं माझं.

"ओढा."

दोरी ताठ झाली.

"अजून... अजून... थांबा. जरा सोडा. पुन्हा ओढा. केसभर!"

आतून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त दोरी, आणि ती जराही थरथरत नव्हती. मी बोटाने आकडा दाबला. 'टक'. बसला! दोरीचं एक टोक सोडलं, दुसरं ओढलं, दोरी अलगद निघून आली. मी हाताने पेडल दाबलं आणि सोडलं. टप! दाबलं, सोडलं. टप! चिरंजिवाने वीस वेळा दाबून पाहिलं. मग केबल जरा घट्ट-सैल करायची होती, ते अण्णांनी बॉनेट उघडून उभ्याउभ्याच केलं. माझी गरज नव्हती.

सगळा खर्च लोकलचं तिकीट आणि शेअर रिक्षा धरून शंभराच्या आत. स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग सोडून.

मी किल्ली अण्णांच्या पुढे धरली. ते म्हणाले, "तू चालव." मी म्हटलं, "तुम्हीच बघा, मला काय कळतंय बरोबर बसली की नाही." हे खोटं होतं आणि आम्हां दोघांनाही ते माहीत होतं. ते बसले. मिठागर रोडने एक फेरी मारून आले. मी शेजारी होते. गाडीने एकदाही धक्का दिला नाही. परत आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, सोनापूरला चूक तुमची नव्हती."

"होती की," ते म्हणाले. "पाय पेडलखाली होता. नको होता."

वर्गात कुणी कुणाला उगाच बोललं तर मी हात धरून 'सॉरी' म्हणायला लावते. मला स्वतःला तो शब्द त्या दिवशी काही उच्चारता आला नाही. चहा मात्र मी केला.

आता सगळं पूर्वीसारखं झालं असं समजू नका. मानेचं खरंच दाखवायला हवं होतं, ते दाखवलं. व्यायाम दिलेत, ते अण्णा आम्ही बघत असलो की करतात. रात्री गाडी चालवायची नाही, लांब जायचं नाही, हे त्यांनी स्वतःहून ठरवलं. दादाला मी सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "स्प्रिंगचं ठीक आहे, पण एकोणसत्तर वर्षांचं काय?" त्याचंही अगदीच चूक नाही. मी हल्ली रविवारी सराव करते. अण्णा शेजारी बसतात आणि प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या पायाखाली नसलेला क्लच दाबतात.

जुनी स्प्रिंग मी शाळेत नेली. डी.एड.ला असताना आम्हांला शैक्षणिक साधनं करायला लावायचे, ती सवय अजून गेलेली नाही. चौथीच्या वर्गात खिडकीच्या गजाला मी जुनी आणि नवी (ती स्कूटरची!) शेजारी-शेजारी टांगली आणि खाली दप्तरं अडकवली. जितकं वजन जास्त, तितकी स्प्रिंग जास्त ताणली जाते. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम शोधला. १६७६ साली त्याने तो जाहीर केला, पण गंमत अशी की नियमातली अक्षरं सुटी करून, वर्णानुक्रमाने लावून, कोड्यासारखी छापली, म्हणजे दुसऱ्या कुणी चोरायला नको! १६७८ साली स्वतःच कोडं सोडवून दाखवलं. ताण सोडल्यावर वस्तू पुन्हा पूर्वीसारखी होते, या गुणाला पुस्तकात 'स्थितिस्थापकता' असा जडशीळ शब्द आहे. तो मी फळ्यावर लिहिला. स्कूटरच्या स्प्रिंगखालचं दप्तर काढलं, ती होती तेवढी झाली. आमच्या स्प्रिंगखालचं काढलं, ती तशीच लांबलेली राहिली. "बाई, ही दमली," पहिल्या बाकावरून आवाज आला. मग मी त्यांना बुटाची गोष्ट सांगितली, जशी तुम्हांला सांगितली तशीच.

गोष्ट संपल्यावर मी विचारलं, "आजोबांनी दिवाळीपासून कुणालाच का सांगितलं नसेल?" मला वाटलं, चौथीची मुलं, यांना काय कळणार. एरवी गुणाकाराला वर न होणारे हातसुद्धा वर झाले. "ओरडतील म्हणून." "गाडी काढून घेतील म्हणून." "मी पण नाही सांगत, बाई." हे शेवटचं कोण म्हणालं ते मला दिसलं, पण तिने लगेच मान खाली घातली. सुट्टीत मी तिच्या बाकावर जाऊन बसले. ते आमच्या दोघींतलं आहे, इथे लिहीत नाही.

अण्णांना नवे बूट घ्यायचे म्हणून मी दोनदा दुकानात चला म्हटलं. ते म्हणतात, "तळवा चांगला आहे, अजून दोन वर्षं जातील." तेव्हा रविवारचं पॉलिश चालू आहे. डाव्या बुटावरचा तो रुपयाएवढा डाग काही चमकत नाही. पण पॉलिश झालं की चिरंजीव तो बूट खिडकीशी उजेडात नेतो, डागावर खरंच रुपयाचं नाणं ठेवून बघतो, आणि डाग नाण्याबाहेर गेलेला नाही अशी खात्री झाली की मगच पाच रुपये मागतो.